जिम्मा आणि जबाब

आमच्या बुऱ्हाणपुरात एखाद्या कारखानदाराला सहज विचारावे, 'कसे काय चालले आहे?' तो मराठी असेल तर म्हणेल, 'बरे आहे, पण वेळ नाही हो.' हिंदी असेल तर म्हणेल, 'सब ठीक है, बस टाइम नहीं है.' भाषा दोन असल्या तरी उत्तर एकच, आणि दोघांच्याही स्वरात तक्रारीपेक्षा अभिमानच अधिक असतो. वेळ नसणे हे आपल्याकडे मोठेपणाचे लक्षण मानले जाते. ज्याच्याकडे भरपूर वेळ आहे त्याचा धंदा मंद चालला असणार, असे लोक गृहीत धरतात.

मीही हे उत्तर कित्येक वर्षे अशाच अभिमानाने देत आलो. लोधीपुऱ्यात आमचा यंत्रमागांचा लहानसा कारखाना आहे. लोधीपुरा म्हटले की देशोदेशीच्या बोहरा बांधवांना दर्गाह-ए-हकीमी आठवते. मला आठवतो तो खटखटाट, आणि माझ्या कमरेला लटकणारा किल्ल्यांचा जुडगा. सुताच्या कोठीची किल्ली, कपाटाची किल्ली, पेटीची किल्ली, मोटारीच्या खोलीची किल्ली. अंगणात पाऊल टाकताच जुडगा वाजे आणि आतली बोलणी थांबत. आपला किती दरारा आहे, असे मला वाटे. आता वाटते, त्या आवाजाने दुसरेही बरेच काही थांबत असावे.

वडील ताप्ती मिलमध्ये जॉबर होते. १९०६ साली सुरू झालेल्या त्या गिरणीने आमच्यासारख्या किती घरांना ताण्याबाण्याची अक्षरओळख करून दिली, त्याची गणती नाही. नोकरी सोडून वडिलांनी ८ माग टाकले. माझ्या हयातीत त्यांचे २४ झाले. वारशात मला मागांबरोबर दोन म्हणीही मिळाल्या. घरात मराठी म्हण, 'आपला हात जगन्नाथ', आणि कारखान्यात हिंदी म्हण, 'खेती खसम सेती', म्हणजे धनी स्वतः राबेल तरच शेती पिकेल. या दोन म्हणींच्या आधारावर मी सकाळी सहाला कारखान्यात जाई आणि रात्री दहाला परते. सूत मी तोलून देई, तागे मी मोजून घेई, व्यापाऱ्याशी मी बोले, वीज मंडळात मी खेटे घाली. फणी बदलायची की नाही, हेसुद्धा मीच ठरवी.

त्या म्हणीतल्या जगन्नाथाकडे नीट पाहण्याची बुद्धी फार उशिरा झाली. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्तीला हाताचे पंजेच नाहीत. त्याचा रथ ओढतात ते हजारो भक्तांचे हात. म्हणीचा अर्थ आपल्या पूर्वजांनी काही का घेतला असेना, जगाच्या नाथाने मात्र स्वतःचा रथ स्वतः ओढण्याचा हट्ट धरलेला नाही.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मध्य प्रदेशात तेव्हा भारनियमनाचा कहर होता. वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसे, म्हणून आली की माग धावलेच पाहिजेत. आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया जळगावला ठरली होती. मी पहाटेच्या गाडीने तिला घेऊन गेलो. दुपारी दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर खिशात काहीतरी टोचले. हात घालून पाहतो तो कोठीची किल्ली! आदल्या रात्री घाईत सूत काढून ठेवायचे राहिले होते. मनाशी म्हटले, एक दिवस माग बंद राहतील, एवढेच ना, सोसू नुकसान. आईच्या डोळ्यावर पट्टी होती. 'काय रे, गप्प का?' असे तिने दोनदा विचारले. मी मनातल्या मनात तोट्याचा हिशेब करीत होतो. मी तिच्याजवळ होतो, असे काही म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी परतलो तर कारखान्यात अशी शांतता, की चिमण्यांचा आवाज ऐकू यावा. योगायोग असा, की त्याच दिवशी वीज एकदाही गेली नव्हती. मी मिस्त्रींवर उखडलो. 'कुलूप तोडायचे होते!' मिस्त्री वडिलांच्या वेळचे. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. ते शांतपणे म्हणाले, 'ताला आपका है सेठ. तोड़ते तो आप क्या कहते?' मला उत्तर सुचले नाही. मग थोडे थांबून म्हणाले, 'आपका तो एक दिन का नफा गया. इनकी तो एक दिन की रोटी गई.'

यंत्रमागावरच्या विणकराला मजुरी मीटरवर मिळते, हे वाचकांपैकी ज्यांचा या धंद्याशी संबंध नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जितके कापड उतरेल तितके पैसे. माग बंद तर मजुरी बंद. दोन पाळ्यांचे बारा विणकर, कांड्या भरणाऱ्या चार बायका आणि वर काम करणारी दोन पोरे, एवढी माणसे दिवसभर भिंतीला टेकून बसली होती, कारण एक किल्ली जळगावच्या दवाखान्यात एका खिशात होती. त्यांचा दिवस मी खिशात घालून नेला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी हिशेब केला तो फक्त माझ्या नुकसानीचा.

त्या दिवसापासून 'वेळ नाही' या वाक्याकडे मी संशयाने पाहू लागलो. वेळेचे नियोजन या विषयावर हल्ली पुष्कळ पुस्तके निघतात. कामांची यादी करावी, महत्त्वाचे आधी करावे, पहाटे उठावे, असा उपदेश त्यांत असतो. तो चुकीचा नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की मालकाचा वेळ हा मालकाच्या मालकीचा आहे. मला ते खरे वाटत नाही. जिथे दहा माणसे माझ्या 'हो'ची वाट पाहत थांबतात, तिथे माझा एक तास खर्च होताना दहा तास खर्च होत असतात. मी सगळे स्वतः करतो तेव्हा मी कष्ट करतो हे खरे; पण त्याच वेळी मी इतरांना बसवून ठेवतो, हेही तितकेच खरे. आणि माणूस बसून राहिला की त्याची मजुरी तर बुडतेच, शिवाय हळूहळू त्याची अक्कलही गंजते. म्हणजे प्रश्न घड्याळाचा उरत नाही, नीतीचा होतो.

या शहरात राहणाऱ्याला इतिहास टाळता येत नाही, म्हणून एक दाखला देतो. १६८१ साली दक्षिण जिंकायला निघालेला औरंगजेब इथे बुऱ्हाणपुरात मुक्कामाला होता. त्याच्या कष्टाळूपणाबद्दल शत्रूनेही शंका घेतलेली नाही. म्हातारपणीही अर्ज स्वतः वाचणारा, लहानसहान गोष्टींतही स्वतः हुकूम देणारा असा तो बादशहा. पण त्याचा विश्वास ना सरदारांवर, ना मुलांवर. शहाजादा मुअज्जमला त्याने १६८७ मध्ये कैदेत टाकले. पंचवीस वर्षे दक्षिणेत काढून १७०७ मध्ये तो अहमदनगरजवळ वारला. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही.

आता दुसरी बाजू पाहा. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड गेला, राजाराम महाराज शेकडो कोस दूर जिंजीला गेले. पत्र पोचायला आठवडेच्या आठवडे लागावेत असे अंतर. अशा वेळी त्यांनी रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकमतपनाह' हा किताब आणि महाराष्ट्राच्या कारभाराचे पूर्ण अधिकार दिले. दर गोष्टीला जिंजीहून परवानगी आणा, असे म्हटले असते तर राज्य परवानगीची वाट पाहतच बुडाले असते. १६९८ मध्ये जिंजी पडली, पण त्याआधीच महाराज तिथून निसटले होते आणि महाराष्ट्रातला लढा जिवंत होता. थोरल्या महाराजांनीही हेच करून दाखवले होते. १६६६ साली ते आग्र्याला अडकून पडले, तरी जिजाऊसाहेब आणि कारभारी मंडळींनी राज्य सांभाळले. धनी नसताना जे चालते ते खरे उभारलेले. धनी असतानाच चालते ते नुसते ढकललेले.

इतिहासाचा आधार घेऊन मी मोठ्या उत्साहाने कोठीची किल्ली चाचांच्या हाती दिली. इथपर्यंतची गोष्ट सोपी आहे आणि बहुतेक उपदेश इथेच संपतात. खरी परीक्षा पुढे असते.

दोन-तीन महिने छान गेले. मग एका रात्री बाण्याच्या सुताचा एक लॉट संपला. वीज चालू, विणकर उभे. चाचांनी दुसऱ्या लॉटचे कोन काढून दिले. नंबर तोच, दिसायलाही सूत तसेच. पण दोन लॉटच्या सुताला रंग सारखा बसत नाही. कोरे कापड निर्दोष दिसले, रंगाला गेल्यावर त्याच्यावर आडवे पट्टे उमटले. व्यापाऱ्याने माल परत पाठवला आणि अठरा हजार रुपये कापून घेतले. मी सगळ्यांच्या देखत चाचांना म्हणालो, 'दिमाग़ चलाने को किसने कहा था?'

ते वाक्य आजही माझ्या कानात आहे. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला, ज्याच्या बोटांना धागा न पाहताही कळतो, त्याला मी डोके न चालवण्याची ताकीद दिली. चाचांनी काही उत्तर दिले नाही. किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि मागांकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशीपासून कारखान्यात एक नवे वाक्य ऐकू येऊ लागले, 'सेठ से पूछ लो.' धोटा बदलायचा आहे, सेठ से पूछ लो. दिवा गेला आहे, सेठ से पूछ लो. कांडीवाली बाई आजारी आहे, बदली बोलवायची का, सेठ से पूछ लो. कोणी काम नाकारले नाही, कोणी उलट बोलले नाही. फक्त माझे वाक्य त्यांनी अक्षरशः पाळले. दोन महिन्यांत मी असा दमलो, की रात्री जेवताना सौभाग्यवतींनी विचारले, 'भाजी वाढू का?' तर मी म्हणालो, 'ते पण मीच ठरवू?' ती हसली नाही.

त्या हिवाळ्यात चाचांच्या नात्यात लग्न होते. आम्ही उभयता गेलो. चारशे पानांची मेजवानी आणि सारी व्यवस्था चाचांकडे. मला वाटले, इथे तरी त्यांची धांदल पाहायला मिळेल. पण ते एका बाजेवर स्वस्थ बसलेले! एका पोराकडे पाणी, एकाकडे दस्तरखान, एकाकडे पाहुण्यांच्या चपला, असे वाटून दिलेले. मध्येच बर्फ संपला. बर्फ आणायला पाठवलेला मुलगा तासभर आला नाही. आला तेव्हा वधूपक्षाचे एक वडीलधारे गृहस्थ त्याच्या अंगावर धावून गेले. चाचा बाजेवरून उठले, दोघांच्या मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, 'मुझसे पूछिए. लड़का मेरा भेजा हुआ है.'

बस, एवढेच. मुलाला ते नंतर काय बोलले ते मी ऐकले नाही. बोलले नक्की असतील. पण चारचौघांत जाब द्यायला ते स्वतः उभे राहिले. मला माझ्या कारखान्यातला तो दिवस आठवला. व्यापारी माझ्यावर उखडला तेव्हा मी त्याला काय म्हणालो होतो? 'मिस्त्रीने घोळ केला, मी नव्हतो.'

सीमेवरच्या माणसाला दोन भाषांचा एक फायदा असतो. एका भाषेत झाकलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत उघडी पडते. हिंदीत ज्याला आपण 'जिम्मेदारी' म्हणतो, तिला मराठीत 'जबाबदारी' म्हणतो, आणि दोन्ही एकच समजून वापरतो. त्या रात्री घरी परतताना मला वाटले, हे दोन शब्द दोन निराळ्या गोष्टी सांगतात. जिम्मा म्हणजे सांभाळायला दिलेली वस्तू, सोपवलेले काम. तो एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देता येतो. जबाब म्हणजे उत्तर. ते ज्याचे त्यानेच द्यायचे असते. मी नेमके उलटे केले होते. जिम्मा देताना हात आखडला होता. डोके चालवण्याचा अधिकार स्वतःकडेच ठेवला होता. आणि जबाब मात्र, प्रसंग येताच, सगळाच्या सगळा चाचांच्या गळ्यात टाकला होता. हे काम सोपवणे नव्हे. ही अंग काढून घेण्याची रीत झाली, आणि मालकवर्गात ती फार जुनी आहे.

दुसऱ्या दिवशी मी चाचांची माफी मागितली. ती सगळ्यांच्या देखत मागितली, कारण अपमान सगळ्यांच्या देखत केला होता. किल्ली पुढे केली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. विचारले, 'और अगली बार ग़लती हुई तो?' 'होणार नाही,' असे त्यांनी मला आश्वासन द्यावे, अशी माझी जुनी अपेक्षा असे. आता प्रश्न मला होता. मी म्हणालो, 'तर व्यापाऱ्याला जाब मी देईन. तुमचे-माझे काय ते आपण दार लावून बोलू.'

त्या वर्षीच्या नव्या वहीत मी एक पान काढले आणि वर लिहिले, 'चूकभूल'. आपल्या प्रत्येक बिलाच्या तळाशी आपण छापतो, चूकभूल द्यावी घ्यावी. हिंदी व्यापारी लिहितो, भूल-चूक लेनी-देनी. गिऱ्हाइकाला आपण ही उदारता छापून देतो. स्वतःच्या कारागिराला मात्र तोंडीही देत नाही. मी ठरवले, की वर्षाकाठी अमुक एवढी रक्कम चुकांसाठी धरायची, जशी आपण तेलपाण्यासाठी आणि मोडतोडीसाठी धरतो. कोणी स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेतला आणि तो फसला, तर नुकसान त्या पानावर जाईल, मजुरीतून कापले जाणार नाही. एकच अट घातली, की चूक त्याच दिवशी सांगायची. न्याय म्हणून मी माझ्याही चुका त्याच पानावर लिहू लागलो. चुकीच्या भावाने घेतलेले सूत, विसरलेली भरण्याची तारीख, उगाच भांडून गमावलेले गिऱ्हाईक. वर्ष संपल्यावर दोन्ही बेरजा केल्या, तर माझी बेरीज मोठी निघाली. इतकी वर्षे ती कुठे लिहिली जात नव्हती, एवढाच काय तो फरक.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. 'विश्वास टाकला आणि कोणी फसवले तर?' मलाही एका हिशेबनिसाने फसवले. वाईट वाटले, पैसे गेले. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण मी विसरू शकत नाही. १९१० साली औंध संस्थानातल्या ओसाड माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रखवालीचे काम दिले. चोरीची भीती ज्यांची, त्यांच्याच हाती राखण! ज्या औंधकर महाराजांनी त्यांना जागा दिली, त्यांनी पुढे १९३९ मध्ये आपली राजसत्ताच घटना करून प्रजेच्या हाती सोपवली. एवढे मन आपले नसेल. पण एक हिशेब मीही मांडून पाहिला. हिशेबनिसाने नेले ते एकदाच नेले. माझ्या संशयाने मात्र वर्षानुवर्षे रोज थोडे थोडे नेले, आणि ते कुठल्याच वहीत दिसले नाही. अर्थात विश्वास म्हणजे डोळे मिटणे नव्हे. महिन्याला माल मोजायचा, हिशेब तपासायचा, आणि तो ठरल्या दिवशी उघडपणे तपासायचा, दाराआडून नाही.

मग सगळेच सोपवून मोकळे व्हावे का? तेही नाही. अनुभवाने मी स्वतःसाठी एक कसोटी ठरवली आहे. जे काम करताना मला मोठेपणा वाटतो, ते आधी सोपवावे. जे काम करताना जीव नकोसा होतो, ते सोपवू नये. व्यापाऱ्याशी भाव ठरवताना छाती फुगते, तर ते दुसऱ्याला शिकवावे. पण कोणाला उचल नाकारायची असेल, कोणाला कामावरून कमी करायचे असेल, कोणाचे बोट मागात सापडले आणि त्याच्या घरी निरोप द्यायचा असेल, तर तिथे मालकाने स्वतः जावे. आपण बहुधा उलट करतो. सत्काराला स्वतः जातो आणि वाईट बातमी मुकादमाच्या हाती धाडतो. महंताने आपल्यासारखे आणखी महंत घडवावेत, असे समर्थांनी दासबोधात सांगितले आहे. आपली अवघड कामे शिष्यांच्या गळ्यात घालावीत, असे नाही.

आमच्या गावाबाहेर कुंडी भंडारा आहे. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने तो बांधला. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरायचे आणि शहरापर्यंत आणायचे. शंभरावर कुंड्या वरून विहिरींसारख्या दिसतात, आतून साऱ्या एकमेकींना जोडलेल्या. रहाट नाही, मोट नाही, पंप नाही. बांधणाऱ्याने फक्त उतार दिला. चारशे वर्षे झाली. त्यातले काही पाणी अजून वाहते. २०२४ मध्ये त्याचे नाव जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले, तेव्हा पाहुण्यांना घेऊन मी पुन्हा एकदा तिथे गेलो. वाकून आत पाहताना मनात आले, मी आयुष्यभर घागरी वाहिल्या आणि त्यालाच मालकी म्हटले. मालकाचे काम उतार देणे हे आहे. कोणते काम कोणाचे, कुठपर्यंत कोणी ठरवायचे, अडले तर कोणाला विचारायचे, हे एकदा नीट आखून दिले की पाणी आपले आपण चालते. मात्र त्या बोगद्यांच्या भिंतींवर चुन्याचे थर साचतात आणि वाट अरुंद होत जाते. उतार दिला म्हणून देखभाल सुटत नाही. कुंडीत अधूनमधून उतरावेच लागते. पण ते पाहायला आणि साफ करायला. पाणी खांद्यावर वाहून न्यायला नव्हे.

आता कारखाना मुलगा पाहतो. मध्यंतरी त्याने सर्वत्र कॅमेरे बसवण्याचा विचार काढला. 'बाबा, मोबाइलवर सगळे दिसेल. लग्नाला गेलो तरी कारखाना खिशात.' मला जळगावच्या दवाखान्यातला तो खिसा आठवला. तेव्हा खिशात किल्ली होती, आता अख्खा कारखाना असणार. मी त्याला म्हटले, 'फाटकावर लाव, कोठीवर लाव. पण लग्नाला जाशील तेव्हा लग्नालाच जा.' त्याने किती ऐकले हे मी तपासलेले नाही.

आईचे शेवटचे आजारपण अकरा दिवसांचे. चाचा तोवर थकले होते, पण त्यांनी तयार केलेला त्यांचा पुतण्या कारखान्यात उभा होता. अकरा दिवस मी रावेरला मामांच्या घरी आईच्या उशाशी बसलो. मध्ये दोनदा वीज गेली, एक बीम वाकडा भरला गेला, एक व्यापारी रुसला. हे सगळे मला बाराव्या दिवसानंतर कळले. आईने पूर्वीसारखेच विचारले, 'काय रे, गप्प का?' यावेळी मी खरोखर नुसता तिच्याजवळ गप्प बसलो होतो, आणि तसे सांगताही आले. ते अकरा दिवस मला कोणी दिले असतील, तर ते कुठल्याही वेळापत्रकाने दिलेले नाहीत. ते चाचांनी दिले. आणि मी ते जवळजवळ नाकारले होते.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला वहीपूजन प्रथमच मुलाच्या हातून झाले. त्याने स्वस्तिक काढले, शुभ-लाभ लिहिले आणि पाने पाडायला घेतली. सूत, मजुरी, वीज, मोडतोड. शेवटी एक पान उघडून त्यावर लिहिले, 'भूल-चूक'. आमच्या घरी वही नेहमी मराठीत. माझा हात पेनाकडे गेला होता. मग म्हटले, असू दे. पान उघडले ना, पुरे. हात मागे घेतला आणि लाह्या-बत्ताशांचा प्रसाद वाटायला निघालो.